बसऱ्याक पडलो

माझ्या आजोबांना आमच्या घरात कोणी आजोबा म्हणत नसे. बाबा त्यांना 'शिपाई' म्हणायचे. 'आज शिपायाचा पान वाढूचा आसा' असं ते म्हणाले की समजायचं, पितृपक्षातली चतुर्दशी आली. शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. मग मी वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि खीर करायची, आणि बाबा पानाशेजारी शिपायाचा चांदीचा बिल्ला ठेवायचे.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत तेव्हा आम्ही दोघंच राहत होतो. आई गेली होती. भाऊ लग्न करून बोरिवलीला गेला होता, म्हणजे आमच्या लेखी परदेशीच. मी बँकेत टायपिस्ट होते. संध्याकाळी घरी आले की चहा व्हायचा आणि मग जेवणापर्यंत दोघं गप्प. भांडण नव्हतं, नुसतं बोलायला काही नव्हतं. भांडण असतं तर बरं, असं मला कितीदा वाटायचं. बाबा आपणहून बोलायचे ते फक्त शिपायाबद्दल.

पहिल्या महायुद्धात तो कोकणातून पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेला तेव्हा बाबा त्यांच्या आईच्या पोटात होते. लढाई संपल्यावर शेजारच्या गावचा त्याचा सोबती परत आला आणि अंगणात उभा राहून माझ्या आजीला म्हणाला, 'वयनी, तो बसऱ्याक पडलो.' आजीने हंबरडा फोडला, वाडीतल्या बायका धावून आल्या, आणि तो बिचारा खाली मान घालून निघून गेला. मागाहून सरकारी बिल्ला आला. बस्स, एवढ्यावर बाबांनी अख्खा जन्म काढला. गिरणीत कोणी आवाज चढवला की ते छाती काढून सांगायचे, 'लढाईत पडलेल्या शिपायाचो झील आसंय मी.'

रंगीत टीव्ही नुकता शेजारी आला होता, त्या सुमाराला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांकडून परत येताना ते म्हणाले, 'मरूच्या आधी एकदा कळाक व्हया गो, शिपाई कसो पडलो. गोळी लागली काय तलवार.'

मी ते मनावर घेतलं. खरं सांगायचं तर मला संध्याकाळी दुसरा उद्योगही नव्हता.

बिल्ल्याच्या कडेला बारीक अक्षरं कोरलेली होती. आजीने वर्षानुवर्षं रांगोळीने घासून घासून ती जवळजवळ पुसून टाकली होती. मी कागद लावून वर पेन्सिल फिरवली तेव्हा नंबर, नाव आणि पलटण कशीबशी उमटली. आडनाव नव्हतंच. बँक सुटल्यावर मी मागे थांबून पत्रं टाइप करायला लागले. पलटणीच्या जुन्या नोंदी जिथे असतात तिथून उत्तर आलं की त्याच नावाचे बरेच आहेत, बापाचं नाव आणि गाव कळवा. कळवलं. तिथून सांगितलं की मेलेल्यांची यादी विलायतेत आहे. मग तिकडे लिहिलं. शेजारणीने परदेशी पाकीट पाहिलं आणि जिन्यात मला कोपरखळी मारली, 'काय गं, तिकडचं स्थळ आलं वाटतं?' मी हसले. बाबांना मात्र प्रत्येक पाकिटात शिपायाचीच खबर असेल असं वाटायचं, म्हणून ते दर वेळी उठून बसायचे.

शेवटचं पाकीट मी पोस्टमनकडून जिन्यातच घेतलं आणि तिथेच फोडलं. बसऱ्याचं इस्पितळ, तारीख, आणि पुढे तीन शब्द: डाइड ऑफ सिकनेस. मी पायरीवर बसले. हे कोणाला दाखवावं, काय करावं विचारावं, असं एकही माणूस मला आठवेना. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. सत्तरीला टेकलेल्या माणसाचा शूर बाप मी आता जिना चढून काढून घेणार होते.

पण त्यांनी मला विचारलं होतं. मी वर गेले आणि सगळं मराठीत वाचून दाखवलं. 'आजाराने' हा शब्द दोनदा वाचला.

बाबा हळूच म्हणाले, 'म्हणजे आजारी पडलो.'

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सोबती 'पडलो' म्हणाला होता, आणि लढाईवरून आलेल्या माणसाच्या तोंडी 'पडलो' म्हणजे दुसरं काय असणार? आजीने त्याला पुढे बोलू दिलंच नाही. एका शब्दावर आमच्या घराने चतुर्दशी धरली होती.

मला वाटलं होतं, बाबा चिडतील, नाहीतर माझ्यावर विश्वासच ठेवणार नाहीत. ते रडायला लागले. 'गोळी लागली तर माणूस लगेच जाता,' ते म्हणाले. 'ह्यो किती दिवस पडान होतो कोण जाणे. तेका पाणी तरी कोणी दिल्यान असात काय गो?'

याचं उत्तर कुठल्याच नोंदीत नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले. आम्ही असे कधी बसत नव्हतो.

त्या वर्षी भटजींनी जुन्या पंचांगातून तारखेवरून तिथी काढून दिली. ती चतुर्दशीच्या बरीच आधी होती. त्या दिवशी मी वाटाणे भिजत घातलेले पाहून बाबा म्हणाले, 'आजारी माणसाक वडे कसले घालतंस? पेज कर.' श्राद्धाच्या पानावर पेज कोणी वाढत नाही. मी वाद घातला नाही. उकड्या तांदळाची मऊ पेज केली आणि बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड वाढली.

बाबांनी बिल्ला डब्यातून काढलाच नाही. गच्चीत पान ठेवून त्याच्याजवळ त्यांनी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला, आणि गुडघे धरून खाली बसले. कावळा आलाय का हे ते बघतही नव्हते.

'बाबानू,' ते म्हणाले. ही हाक त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकली नव्हती, मारणार तरी कोणाला होते ते? 'बाबानू, पेज गरम आसा. आधी पाणी पिया.'