वीस अंशांतली आढी

मी जिथे काम करायचे ती रत्नागिरीतली सर्वांत थंड खोली असावी. कॉलेज, एमआयडीसीतले कारखानदार आणि पुण्याची एक संशोधन संस्था यांनी मिळून ती उभारली होती. तिघांच्या या संसाराला 'अचूक मापनातील संशोधन भागीदारी' असं नाव होतं. यंत्रांच्या सुट्या भागांची मापं मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत घ्यायची आणि त्यासाठी आपल्या कारखानदारांना पुण्याला खेपा घालायला लागू नयेत, हा उद्देश. उद्देश चांगलाच होता. उद्घाटनाला त्या हजाराव्या भागावर झाडून सगळे बोलले, आणि अकराचा कार्यक्रम जेवणाच्या वेळेला सुरू झाला.

पोलाद जरा तापलं की वाढतं. म्हणून खोली सतत वीस अंशांवर ठेवायची, दार उगाच उघडू द्यायचं नाही, मापं घेणाऱ्या मशीनजवळ गर्दी होऊ द्यायची नाही, ही माझी नोकरी. आधी मी चाकणला हेच करत होते. इथे जागा निघाली तेव्हा बाबा नुकतेच गेले होते आणि घरी आई एकटी होती, म्हणून कमी पगारावर आनंदाने परत आले. पण जागा तात्पुरती. पुण्याची संस्था तपासणी करणार, खोलीला मान्यता देणार, मग मी कायम होणार. मान्यता नाही मिळाली तर मशीन त्यांचं, ते घेऊन जाणार.

एप्रिल तापला तसा मापनशास्त्राबद्दलचा जिव्हाळा कॉलेजात एकाएकी वाढला. इंग्रजीचे प्राध्यापक, ऑफिसातले कारकून, एकदा तर कुणाच्या तरी सासूबाई, सगळे 'मशीन बघायला' येऊन घाम वाळवून जात. मी दारावर 'प्रवेश बंद' अशी पाटी लावली. प्रवेश का बंद आहे, हे विचारायला लोक आत येऊ लागले.

या भागीदारीचे समन्वयक यंत्रविभागाचे एक प्राध्यापक होते. उष्णतेचं शास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेलेली, आणि पावसच्या बाजूला वडिलोपार्जित हापूसची बाग. तपासणीचं पत्र आलं तसे सर जोमाने तयारीला लागले. म्हणजे पुण्याच्या साहेबांना कुठल्या कलमाचे आंबे द्यायचे, याच्या. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही आपली रीत, त्यात हा मे महिन्यातला पाहुणा. तपासणी तोंडावर आली आणि बागेतले गडी आंब्यांचे क्रेट आणि भाताचा पेंढा घेऊन थेट माझ्या खोलीत शिरले. सरांनी मशीनच्या मागे, अगदी त्याला खेटून, आंबे पिकवायची आढी लावून घेतली आणि वर करडं प्लास्टिक ओढलं.

"सर, इथे नको," मी म्हटलं.

"अगो, बाहेरच्या उकाड्यात सगळे एकदम पिकून डागी होतील. इथे कसे बेताने पिकतील. साहेबांच्या हातात तयार फळ पडायला हवं."

"पण आढी तापते, सर."

"आंबे काय तुझं मशीन खातायत?"

आढीत हात घातला की ऊब लागते, हे रत्नागिरीतलं शेंबडं पोरही सांगेल. सरांमधल्या बागायतदाराला ते ठाऊक होतं. उबेने पोलाद वाढतं, हे त्यांच्यातल्या प्राध्यापकाला ठाऊक होतं. दोघे एकाच शर्टात राहत होते, पण त्यांची ओळख कधी झाली नव्हती. मी प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्यासाठीही एक पेटी बाजूला ठेवायला सांगितली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी सोबत आणलेला पोलादी ठोकळा मशीनच्या टेबलावर ठेवला. त्याची लांबी त्यांना आधीच माहीत होती. मशीन तेवढीच सांगतं का, एवढंच बघायचं होतं. टेबलाच्या पुढच्या बाजूला ती बरोबर आली. मागच्या बाजूला चुकली. पुन्हा घेतली, पुन्हा चुकली. भिंतीवरचा तापमापक वीस दाखवत होता आणि मशीनची पाठ आढीने शेकत होती. साहेबांनी चष्मा काढला, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "वास फार सुंदर येतोय."

मग त्यांनी स्वतःच प्लास्टिक उचललं.

"आपल्यासाठीच आहेत," सर अभिमानाने म्हणाले.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

'तापमान नियंत्रण असमाधानकारक' असा शेरा लिहून झाल्यावर साहेब पेंढ्यापाशी उकिडवे बसले. एकेक फळ देठाशी हुंगायचे, अंगठ्याने हलकेच दाबायचे, डाग दिसला की बाजूला सारायचे. त्या दिवशी त्या खोलीत झालेलं अचूक काम काय ते एवढंच. पेट्या सरांनी स्वतः गाडीत चढवल्या आणि हायवेवरच्या हातखंब्यापर्यंत साहेबांना पोचवून आले. "माणूस चांगला आहे. खाल्ल्या आंब्याला जागेल," असं त्यांनी मला सांगितलं.

माणूस चांगलाच होता. नकाराचं पत्र येण्याआधी त्यांनी सरांना फोन करून आंबे उत्कृष्ट निघाल्याचं कळवलं.

पावसाळ्याआधी मशीन गेलं आणि पाठोपाठ मी. सर आजही सांगतात की पुणेकरांना मशीन परत न्यायचंच होतं, निमित्त हवं होतं.

चाकणला मेमध्ये आईचा फोन येतो. "पेटी पाठवू काय गो?" मी नको म्हणते. मला आंब्याचा वीट आलाय, असं तिला वाटतं. तसं मुळीच नाही. पहिल्या वर्षी पेटी आली तेव्हा सरांचा इतका संताप आला की घास उतरेना. आणि ती पेटी एस.टी. स्टँडवर पोचवायला पुन्हा एकट्या पडलेल्या आईला कुणाकुणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असेल, हे ती फोनवर कधी सांगत नाही.