बाईचे भाऊ

मला लहानपणापासून चुकीचं बोललेलं खपत नाही. कोणी बुधवारला गुरुवार म्हटलं तरी मी मध्ये तोंड घालते. तरीही माझ्या सख्ख्या बहिणीने आमच्या सख्ख्या बापाला अख्खा मे महिना मामा म्हटलं, आणि मला ते निमूट ऐकावं लागलं. निमूट म्हणजे माझ्या मानाने निमूट.

आमची आई नर्स. आलापल्लीच्याही पुढे, जिथे डांबर संपतं पण सागवान संपत नाही, अशा एका गावात तिचा दवाखाना होता आणि दवाखान्याला चिकटून आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. गाव तिला बाई म्हणायचं. बाबा माजरीला कोळशाच्या खाणीत. दोघांच्याही नोकऱ्या पक्क्या, त्यामुळे दोघांपैकी कोणीच हलायचं नाव काढत नव्हतं. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आधी नवरा-बायकोत नुसती नदी होती, आता सरकारने हद्दसुद्धा आखून दिली, असं आई म्हणायची. मे महिन्यात मात्र बाबा मोठी रजा काढून यायचे आणि आमचं कुटुंब एका छपराखाली राहायचं.

या गावात आईची बदली आदल्या पावसाळ्यात झाली होती. त्यानंतर बाबा एकदाच आले होते, थंडीत, एसटीच्या मुक्कामाच्या गाडीने. ही गाडी दिवस बुडताना गावात यायची, रात्रभर दवाखान्यासमोर थांबायची आणि पहाटे परत जायची. बाबा तिनेच आले आणि तिनेच गेले. माझी धाकटी बहीण तेव्हा तापाने झोपून होती. तिने त्यांना पाहिलंसुद्धा नाही.

धाकटीला पाचवं लागलं होतं. तिच्या लेखी बाबा म्हणजे भिंतीवरचा फोटो. डोक्यावर टोप, टोपावर दिवा, काळं तोंड आणि पांढरे दात. हा फोटो बुद्धाच्या फोटोच्या शेजारी होता, म्हणून संध्याकाळची वंदना झाली की ती दोघांनाही हात जोडायची. जित्या माणसाच्या फोटोला हात जोडत नसतात हे मी तिला सांगून थकले. बाबा जमिनीच्या खाली काम करतात, असं आईने तिला कधी तरी सांगितलं होतं. तिला काही हवं असलं की ती अंगणात पालथी पडायची, दोन्ही हातांचा खळगा करून जमिनीवर ठेवायची, त्यात तोंड घालायची आणि ओरडायची, "बाबा, येतानी शेव आणजा."

तर त्या मे महिन्यात मुक्कामाची गाडी आली. कंडक्टर रोज आमच्याच ओट्यावर झोपायचा, त्यामुळे तो घरचाच होता. त्याने अंगणातून आवाज दिला, "बाई, तुमच्याकडचे भाऊ आले." आमच्याकडे ओळखीच्या, अनोळखी, पिकलेल्या, कच्च्या सगळ्याच पुरुषांना भाऊ म्हणतात, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं. पण अंगणात दाई बसली होती. दाई म्हणजे आईच्या हाताखाली काम करणारी माडिया म्हातारी. निम्मं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं. मराठी ती फक्त आमच्यासाठी बोलायची आणि प्रत्येक शब्द तोलून बोलायची. धाकटीने तिला विचारलं, कोण आलं. दाईने विचार केला आणि सांगितलं, "बाईचे भाऊ. मायचा भाऊ म्हंजे तुया मामा."

आता आमच्या आईला भाऊ नव्हता. गावातल्या पोरी उन्हाळ्यात मामाकडे जात, नाहीतर त्यांचे मामा येत आणि त्यांना खांद्यावर घेऊन फिरत. धाकटी वर्षभर आईकडे मामा मागत होती आणि आई म्हणत होती, आता कुठून आणून देऊ. असा वर्षभर मागितलेला मामा हातात शेवेचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. धाकटी धावत जाऊन त्यांच्या पायांना मिठी मारून बसली.

दाई तोवर घरी गेली होती. आईने लगेच सांगितलं की अगं, हे बाबा आहेत. मी तर चढ्या आवाजात सांगितलं. धाकटीने आम्हा दोघींकडे कीव आल्यासारखं पाहिलं, फोटोकडे बोट दाखवलं आणि पुडा फोडला. मी अजून बोलणार होते, पण बाबांनीच थांबवलं. म्हणाले, "राहू दे. मले मांगून नाई पायजे. महिना आहे मायाजवळ, तिच्या तोंडून आपोआप निंगन." बोलले ते हसत, पण रात्री जेवताना त्यांनी दोनदा भिंतीकडे पाहिलं. जाण्याआधी तिने आपल्याला एकदा तरी बाबा म्हणावं, यापलीकडे त्या रजेत त्यांना काही नको होतं. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, एक धाकटी सोडून.

पहिला आठवडा आई-बाबांचा स्वयंपाकघरावरून वाद करण्यात गेला. वर्षभर एकटे राहिल्याने बाबा पक्के गृहिणी झाले होते. त्यांनी आईचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. आईची मांडणी वेगळी होती. बाळंतपणाचं बोलावणं आलं की धावता धावता जे लागतं ते हाताशी, बाकीचं कुठेही. एकदा ती घाईत चहात साखरेऐवजी मीठ टाकून बसली आणि घोट घेऊन बाबांकडे नुसती बघत राहिली. बाबांनी तो चहा संपवला. भाजी बरी झाली आहे, असं कोणी म्हणत नव्हतं, पण बाबांनी केलेली जवसाची चटणी आई भाताबरोबर, भाकरीबरोबर आणि नुसतीच खायची. त्या महिन्यात ती दोनदा दुपारची झोपली. आईला दिवसा झोपलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी दारात बसून आलेल्या कोंबड्या हाकलल्या.

तेंदूपत्त्याचे दिवस होते. उजाडायच्या आत सगळं गाव पानं तोडायला जंगलात जायचं आणि मागे उरायची म्हातारी माणसं, पोरं आणि बाबा. पोरांना तेंदूची टेंभरं पाडून द्यायला, चारोळीसाठी चारं फोडून द्यायला, नाल्यात डुंबायला न्यायला मोठं माणूस हवं असायचं. बाबा गेले. धाकटी त्यांच्या खांद्यावर आणि मागे गावभरची पोरं, सगळीच्या सगळी मामा, मामा करत. आई दवाखान्याच्या खिडकीतून पाहून म्हणाली, "तुमाले त पोट्टीनं पुरतं मामा बनवलं." आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की आतली पेशंटही हसू लागली.

खांद्यावर बसून धाकटी मामाला बाबांच्या गोष्टी सांगायची. बाबांच्या डोक्यातून उजेड निघतो. बाबा रडत नाहीत. बाबा अंधाराला भीत नाहीत. हे शेवटचं खरं होतं, पण बाबा अस्वलाला फार भ्यायचे. एका संध्याकाळी नाल्याकडे झुडूप हललं आणि जमिनीच्या पोटात जाऊन येणारा हा माणूस आम्हा दोघींना काखेत मारून घरापर्यंत पळत आला. झुडपातून दाईची गाय निघाली. धाकटीने त्यांच्या पाठीवर थोपटून समजूत काढली की मामा, बाबा असते तर त्यांनी अस्वलाला मारलं असतं, तुम्ही नका भिऊ. बाबांनी धापा टाकत फोटोकडे पाहिलं. स्वतःवरच जळणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

शेवटी त्यांना राहवलं नाही. एका दुपारी त्यांनी चुलीची काजळी तोंडाला फासली, डाळीचा गंज, म्हणजे डाळ शिजवायचं पातेलं, डोक्यावर पालथा घातला, त्याला सुतळीने बॅटरी बांधली आणि फोटोच्या खाली जाऊन दात दाखवत उभे राहिले. धाकटीला झोपेतून उठवून आणायचं काम माझं. तिने एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाबांचे ओठ हसून हसून थरथरायला लागले. मग ती म्हणाली, "मामा, तुमी बाबासारखे दिसून राह्यले." आणि गंज मागून घेऊन बाहेर खेळायला गेली. हात दाखवून अवलक्षण. आई आली तेव्हा बाबा तोंड धूत होते आणि काजळी निघत नव्हती.

त्यानंतर एकदा ती अंगणात पालथी पडून जमिनीत तोंड घालून बाबांना हाका मारत होती. बाबा मागे पाण्याची घागर घेऊन उभे होते. त्यांनी हळूच "ओ" दिली. ती उठून बसली आणि त्यांच्यावर चिडली, "तुमाले नाई, बाबाले." बाबा घागर घेऊन आत गेले. मला हसू आलं होतं, ते गेलं.

माझं म्हणाल तर मला रागच येत होता. मी दिवसभर बाबा, बाबा करत होते, त्याचं कोणाला काही अप्रूप नव्हतं. माझ्या वेण्या त्या महिन्यात बाबा घालायचे, एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली. मी एकदा फणकाऱ्याने तेवढं बोलून दाखवलं. त्यांनी वेणीचा पेड धरून ठेवला आणि म्हणाले, "तू म्हणते म्हणून त मले भरोसा आहे." त्या वाकड्या वेण्या मी दिवसभर सोडल्या नाहीत.

आणि मग दाईने आईला बाजूला घेऊन विचारलं, भाऊचं लग्न झालं आहे का. माणूस पाणी भरतो, स्वयंपाक करतो, पोरं सांभाळतो, दारू पीत नाही. तिच्या बहिणीची पोर लग्नाची होती. आईला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिने खरं काय ते सांगितलं. दाई अजिबात लाजली नाही. तिने आईलाच सुनावलं, "तुमी सगड्यायलेच भाऊ म्हणता. मंग मी नवरा कसा वळखू?" सोनाराने कान टोचलेले बरे म्हणून बाबांनी दाईलाच गळ घातली की पोरीला तुम्हीच सांगा. दाईने धाकटीला मांडीवर घेऊन सांगितलं. धाकटीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग आधी मामा का म्हटलं होतं. दाईने पुन्हा विचार केला, पोरीच्या केसांतून हात फिरवला आणि पानं मोजून द्यायला निघून गेली.

रजा संपली. पहाटे गाडी दवाखान्यासमोर घुरघुरत होती. बाबांची पेटी टपावर चढली. धाकटी आईच्या खांद्यावर अर्धवट झोपेत होती. बाबांनी तिच्या गालाला हात लावला आणि आत जाऊन खिडकीत बसले. इतक्या दिवसांत नाही निघालं तोंडून, आता कुठलं निघायला, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. आईला ते पाहवलं नाही. ती धाकटीला हलवून म्हणाली, "उठ, बाबाले हात दाखव."

धाकटी खडबडून जागी झाली आणि तिने आईच्या तोंडावर हात ठेवला.

"बाबा नोको म्हणू," ती म्हणाली. "बाबा म्हटलं का ते जाते. मामा रायते."

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवरच राहिला. धाकटीला कधीपासून माहीत होतं, गंजाच्या दिवसापासून की त्याच्याही आधीपासून, हे मला आजही सांगता येणार नाही. सगळ्यांचे मामा उन्हाळाभर राहतात आणि आपले बाबा घरात नसतात, एवढं तिला दिसत होतं. म्हणून तिने त्यांना बाबा होऊ दिलं नव्हतं.

बाबा गाडीतून उतरले. पेटी उतरवा म्हणाले. आई ड्यूटीच्या नावाने ओरडली, कंडक्टर वेळेच्या नावाने ओरडला, पण पेटी उतरली आणि गाडी तशीच गेली. त्या दिवशी आमच्या घरात कोणीच कोणावर चिडलं नाही. दुपारी आम्ही चौघं एकाच चटईवर झोपलो, आणि जागी असलेली मी, बाबांचं घोरणं ऐकत, शप्पथ सांगते, सुखाने रडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्यांना जावंच लागलं. धाकटी आपल्या पायांनी गाडीपर्यंत आली. कोणी तिला काही शिकवलं नाही, काही विचारलं नाही. बाबा खिडकीत बसले. घंटी वाजली. तेव्हा तिने हात वर केला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "येजा, बाबा."

महिनाभर त्यांना हाच शब्द हवा होता. पण तो असा नको होता. मी खिडकीतलं त्यांचं तोंड पाहिलं आणि आईचा पदर धरला.