‘गच्ची बंद आहे’चं लाइव्ह रेकॉर्डिंग आणि माझं आभारप्रदर्शन

आमच्या सानिकाच्या बँडला ‘गच्ची बंद आहे’ हे नाव मी दिलं, पण ते देताना घरात बँड आहे हे मला माहीत नव्हतं.

झालं असं, की मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. (नऊ वर्षं. दुसरं कोणी तयार होत नाही, असं मी म्हणतो. हे दुसऱ्या कोणाला होऊ देत नाहीत, असं सोसायटी म्हणते.) संध्याकाळी गच्चीवर कोणीतरी ड्रम बडवतं, अशी तक्रार आली. मी चौकशी वगैरे न करता पाटी रंगवून घेतली, ‘गच्ची बंद आहे. कारण विचारू नये’, आणि दाराला कुलूप घातलं. बडवणारी मंडळी म्हणजे आमचीच मुलगी आणि तिचे तीन मित्र, हे मला आठ दिवसांनी कळलं, तेही लेखी. सानिकाने गच्ची मिळावी म्हणून सोसायटीकडे रीतसर अर्ज केला होता. मी तो रीतसर नामंजूर केला. मग पोरांनी हिंजवडीकडे एक पत्र्याची शेड शोधली आणि माझ्या पाटीवरचं पहिलं वाक्य बँडला लावून टाकलं.

बँड सानिकाचा आहे. गाते ती, गाणी लिहिते ती, बाकीचे तिघे तिचं ऐकतात. प्रकार प्रोग्रेसिव्ह रॉक. या प्रकारात गाणं तीन-चार मिनिटांत संपवणं कमीपणाचं समजतात. पहिला अल्बम ‘जिना’. गाणी चार, मिनिटं एकावन्न. तो तिने मला जेवणाच्या टेबलाशी बसवून ऐकवला. मी बराच वेळ ऐकलं आणि शेवटी विचारलं, “गाणं कधी सुरू होतं?”

“बाबा, बारा मिनिटं झाली सुरू होऊन.”

“मग तू कधी येतेस?”

“मी येऊन गेले.”

दुसरा अल्बम ‘लिफ्ट’. एक बाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकते आणि सात गाणी होईपर्यंत बाहेर येत नाही. आजच्या स्त्रीची घुसमट म्हणून त्याचं फार कौतुक झालं. वस्तुस्थिती अशी, की सानिका आमच्याच लिफ्टमध्ये पन्नास मिनिटं अडकली होती आणि लिफ्टच्या देखभालीचा कागद सहीसाठी माझ्या कपाटात पडून होता. पाचव्या गाण्यात एक माणूस दाराबाहेर उभा राहून नुसत्या सूचना देत असतो. तो कोण, हे मी विचारलं नाही.

‘जिना’च्या कार्यक्रमाला मी गेलो नाही, कारण त्या दिवशी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. ‘लिफ्ट’च्या कार्यक्रमालाही गेलो नाही, कारण तहकूब झालेली तीच सभा पुन्हा होती. सानिका काही बोलली नाही, आणि तेच मला लागलं. पोरगी भांडली असती तर मी नियम दाखवले असते. म्हणून तिसऱ्या वेळी मी आपणहून म्हणालो, “मी येणार.”

हा तिसरा अल्बम, म्हणजे जुनी गाणी आणि एक नवीन, प्रेक्षकांसमोर वाजवून, एका बैठकीत रेकॉर्ड करायचा होता. कारण प्रफुल्ल. हा त्यांचा ड्रमवाला, मूळचा यवतमाळचा, नोकरीला हिंजवडीत. त्याला कंपनी तीन वर्षांसाठी परदेशी पाठवत होती आणि मंगळवारी त्याचं विमान होतं. रविवारची संध्याकाळ, बस. सानिकाला हा अल्बम याच चौघांचा हवा होता. त्या महिन्यात ती जेवताना डाव्या हाताने टेबलावर मात्रा मोजत असे आणि आमटी थंड करून खात असे.

“आभार कोण मानणार?” मी एकदा जेवताना विचारलं.

“कशाचे?”

“कार्यक्रमाचे.”

“बाबा, रॉक कॉन्सर्टला आभार नसतात.”

“म्हणूनच लोक त्याला नावं ठेवतात.”

वसुधा, म्हणजे आमची ही, भात वाढत म्हणाली, “मानू दे गं त्यांना. नाहीतर घरी आल्यावर माझ्यासमोर मानतील.”

मी येतोय, याचंच सानिकाला बरं वाटलं असावं. “ठीक आहे,” ती म्हणाली, “पण सगळं संपल्यावर. दोन मिनिटं. शेवटचं गाणं चोवीस मिनिटांचं आहे. हॉलचे दिवे लागले की संपलं असं समज.”

इथे मी दुखावलो. मी तरुणपणी अकरा वर्षं तबला शिकलो आहे. (वाजवत मात्र नाही. गुरुजींनीच तसं सुचवलं होतं.) “गाणं संपल्याचं दिवे बघून कळायला मी काय डोअरकीपर आहे?” मी म्हणालो आणि वाक्यावर खूश झालो.

प्रफुल्लला शाल-श्रीफळ द्यायचं, हीही माझीच कल्पना. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “चालते ना काका, शाल चालते. फक्त माझं वाजवून झाल्यावर द्याल बरं.” सगळे मला हे एकच का सांगत होते, ते तेव्हा कळलं नाही.

हॉल कसबा पेठेत होता, दोनशे खुर्च्यांचा. गाडी लांब लावून चालत गेलो, वाटेत शाल आणि नारळ घेतला. सोबत वसुधा आणि सोसायटीतले आठ ज्येष्ठ नागरिक होते. मी त्यांना चहा आहे असं सांगितलं होतं. आम्ही पहिली रांग धरली. मागे काळे टी-शर्ट घातलेली दीड-पावणेदोनशे तरुण मंडळी होती, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा शिस्तीत बसली होती. आमच्या सोसायटीचे खजिनदार करंदीकर पहिल्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यालाच कानातलं यंत्र काढून खिशात ठेवून बसले. त्यानंतर त्यांच्या दृष्टीने कार्यक्रम अतिशय शांततेत पार पडला.

सुरुवातीला रेकॉर्डिंगवाला येऊन सांगून गेला, “अकरा माइक आहेत. दोन तुमच्या डोक्यावर आहेत. टाळ्या वाजवा, पण गाणं संपल्यावरच. मधली शांतताही रेकॉर्ड होणार आहे, ती जपा.” मी मागे वळून काळ्या टी-शर्टांकडे जरबेने पाहिलं. गोंधळ करणारा माणूस पहिल्या रांगेत माझ्याच खुर्चीत बसलाय, हे मला कसं कळणार?

‘जिना’ झाला, ‘लिफ्ट’मधली तीन गाणी झाली. मग शेवटचं, चोवीस मिनिटांचं नवीन गाणं. आणि काय सांगू, मला ते कळायला लागलं. ते सात मात्रांत होतं. आपला रूपकच की! मी मांडीवर हात धरला. तीन, दोन, दोन. एकही सम चुकली नाही. शेजारचे लोक माझ्या हाताकडे आदराने बघायला लागले. तेराव्या मिनिटाच्या सुमाराला सानिकाने आवाज असा काही वर नेला, की मी मोजायचं थांबलो. मग एक तुकडा वाजला. तोच पुन्हा वाजला. तोच तिसऱ्यांदा वाजून चौघेही एकदम समेवर आले, सानिकाचा सूर तेवढा विरत राहिला आणि सगळं थांबलं.

आता आपल्याकडे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर आले, की तिला तिहाई म्हणतात. तिहाई झाली की तबलजी कपाळ पुसतो, लोक टाळ्या वाजवतात आणि सेक्रेटरी आभाराला उठतो. अकरा वर्षांच्या शिक्षणाने मला हेच शिकवलं होतं. मी “वा” म्हणालो आणि उठलो.

दिवे लागले नव्हते. पण मी डोअरकीपर नव्हतो.

मी उठलेला पाहून करंदीकरांनी टाळ्या सुरू केल्या. आमच्या रांगेतल्या उरलेल्या सात ज्येष्ठांनी त्यांना साथ दिली. मागचे दीड-पावणेदोनशे लोक मात्र गप्प होते. ‘हल्लीच्या पोरांना दाद द्यायची पद्धत माहीत नाही,’ असं मनाशी म्हणत मी तीन पायऱ्या चढलो. वसुधाने माझा शर्ट धरायचा प्रयत्न केला होता, पण तिच्या हातात नारळाची पिशवी आली. नारळ माझ्याकडे होता.

स्टेजवर चौघेही डोळे मिटून स्तब्ध होते. मला वाटलं, भारावले आहेत. ते मोजत होते. त्या गाण्यात मध्ये अठ्ठावीस मात्रांची शांतता आहे. ती सगळ्यांनी मनात मोजायची, आणि अठ्ठावीस झाल्या की चौघांनी एकदम सुरू करायचं. त्यासाठी त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी चार महिने सराव केला होता. हे मला नंतर सांगण्यात आलं.

मी तारा ओलांडत ड्रमच्या मागे गेलो. बसलेल्या प्रफुल्लच्या खांद्यांवर शाल घातली, मांडीवर नारळ ठेवला आणि म्हणालो, “सन्माननीय प्रफुल्लजी.” त्याने डोळे उघडले. घामाने डबडबलेला होता.

“काका,” तो अगदी हळू म्हणाला, “सव्वीस.”

मला वाटलं, वय सांगतोय. मी कौतुकाने मान डोलावली.

“सत्तावीस,” तो म्हणाला आणि त्याने दोन्ही काड्या वर उचलल्या.

त्यानंतर जे झालं, त्याला आवाज म्हणतात हे मला मान्य नाही. मी मागच्या पेटाऱ्यावर बसलो, म्हणजे पडलो. पोराचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. शाल अंगावर, एक टोक पायाखालच्या पेडलमध्ये, पण ठोका चुकला नाही. त्याचा गुडघा वर आला तसा नारळ मांडीवरून उडाला, झांजेच्या दांडीवर आपटला आणि सावकाश गडगडत स्टेजच्या पुढे निघाला. सानिका गात होती. नारळ तिच्या पायाशी जाऊन थांबला. तिने डोळे उघडले, नारळ पाहिला, तो कुठून आला असेल त्या दिशेने मान वळवली आणि तिला मी दिसलो. तिचा सूर हलला नाही. माझा हलला असता.

खाली उतरायची सोय नव्हती. सगळीकडे तारा होत्या आणि माझा गुडघा आधीच दुखत होता. त्यामुळे उरलेली दहा मिनिटं मी ड्रमशेजारी पेटाऱ्यावर, दोनशे लोकांकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसलो. वसुधा छताकडे बघत होती. करंदीकरांनी मला हात केला. मी केला नाही.

मग गाणं खरोखर संपलं. दिवे लागले. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, लोक उभे राहिले. मी हललो नाही. माणूस एकदा फसतो. सानिका माझ्यासमोर येऊन म्हणाली, “बाबा, ऊठ.”

“नक्की संपलं?” मी विचारलं.

ड्रमवरचा माइक चालू होता. त्या संध्याकाळी सगळ्यात मोठा हशा मला मिळाला. खिशातली चार पानं मी बाहेर काढली नाहीत. “सर्वांचे आभार” एवढंच म्हणालो. चहा होता, पण मी घेतला नाही.

घरी जाताना स्वारगेटच्या सिग्नलला वसुधा म्हणाली, “अहो, निदान पट्टा लावा.” सोमवारी रेकॉर्डिंग आलं. सानिका खोलीचं दार लावून ऐकत बसली. मंगळवारी प्रफुल्ल गेला. विमानतळावरून त्याने मला फोन केला, “काका, शाल नेतो आहो बरं का, तिकडे थंडी राह्यते.” त्याने नारळाचा विषय काढला नाही, हा त्याचा चांगुलपणा. आता पुन्हा वाजवायला माणूसच नव्हता. चार महिन्यांच्या कष्टांची मी पंचवीस सेकंदांत वाट लावली होती. मला जेवण जाईना.

बुधवारी सानिकाने मला खोलीत बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले. तुकडा तीनदा वाजला. समेला तिचा सूर लांबत लांबत विरायला लागला आणि त्या विरणाऱ्या सुरावरच माझं “वा” आलं. मग खुर्ची करकरली. मग करंदीकर. मग माझे बूट, मग सन्माननीय प्रफुल्लजी.

“खुर्ची, टाळ्या, बूट सगळं निघतं,” ती कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली. “तिथे कोरी शांतता जोडता येते. नारळ तर ड्रमच्या आवाजात बुडूनच गेलाय. पण ‘वा’ माझ्या सुरावर आहे. ते काढायचं तर सूर तिथेच तोडावा लागेल.”

“तोड,” मी म्हणालो. “चूक माझी आहे.”

“थांब. आधी सांग, ते आवडलं म्हणून म्हणालास, की संपलं म्हणून?”

प्रश्न साधा होता. मी तिला आजवर कधी वा म्हटलेलं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. खोटं बोलून चाललं असतं, पण मी खरंच आठवून पाहिलं. “संपलं हे नंतर ठरवलं,” मी म्हणालो. “वा आधीच निघून गेलं होतं. वा माझं होतं. त्यापुढचं सगळं सेक्रेटरीचं.”

तिने खुर्ची काढली, करंदीकर काढले, बूट काढले. मग सेव्ह केलं आणि नाक पुसत स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. मी हेडफोन डोक्यावर तसेच ठेवून बसून राहिलो, कारण मला तेव्हा कोणी बघायला नको होतं.

अल्बम आला. शेवटच्या गाण्यात, चौदाव्या मिनिटाला, शांततेच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या माणसाचं “वा” स्पष्ट ऐकू येतं. सोसायटीत, मंडईत, बँकेत, जिथे म्हणून कोणी विचारतं, अल्बम कसा झालाय, तिथे मी प्रामाणिकपणे सांगतो, माझं काम उत्तम झालंय. बाकीच्यांनीही साथ बरी केली आहे.