शिर्डी ते पुणे, साडेतीन तास

भिंगारच्या बाजारातल्या भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसात राजेश्वरी बसायची. मालकीण धनश्रीताई गावाला गेली की सगळा कारभार तिच्याच हाती. त्या दिवशी फोन आला आणि पहिल्या शब्दालाच तिने आवाज ओळखला. ओंकार! तिचा पूर्वीचा नवरा.

"हैदराबादहून शिर्डीला उतरतोय. रात्री पुण्याहून दुबईचं विमान आहे. या विमानतळावरून त्या विमानतळावर जायला किती वेळ लागेल?"

त्याने तिला ओळखलं नाही. ओळखायला आधी तिचं कधी ऐकून तर घ्यायला हवं होतं.

रस्ता सगळा दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. पण कोपरगाव-नगर रस्त्याचे खड्डे, पुढे शिक्रापूर-वाघोलीची कोंडी. गिऱ्हाइकाला ती एरवी सहा तास धरून चला म्हणायची. तिला तिचं माहेर, खर्डा, आठवलं. वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला होता, आणि घरात पाहुण्यांची जेवणं होती. ओंकार म्हणाला होता, "दोन-अडीच तासांचा तर रस्ता, उद्या जाऊ." ती पोचली तेव्हा चिता विझत आली होती. त्यानंतर ती सासरी परत गेलीच नाही.

"साडेतीन तास," ती म्हणाली. "आरामात."

"वा! मग दर्शन करूनच निघू."

"करा ना. गाडी पाठवते."

ड्रायव्हर आसारामने वेळा ऐकल्या आणि कपाळावर हात मारला. "ताई, ह्ये गनित जुळत न्हाई. दर्शनाला थांबले तर इमान गेलंच म्हना."

"तुला इचारलं तर सांग. आपनहून बोलू नको."

ओंकारने विचारलंच नाही. ड्रायव्हरला काय विचारायचं!

अंधार पडल्यावर आसारामचा फोन आला. गाडी वाघोलीत अडकली होती, मागे साहेब शिव्या देत होते. राजेश्वरीने त्याला फोन साहेबांकडे द्यायला सांगितलं.

"तुम्ही साडेतीन तास म्हणालात!" ओंकार ओरडला. "उद्या हजर झालो नाही तर माझी नोकरी जाईल. कोण बोलतंय तिकडून?"

"राजेश्वरी. खर्ड्याची."

पलीकडे नुसते हॉर्न ऐकू आले. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मुद्दाम केलंस?"

"व्हय, मुद्दाम."

मागून एका बाईचा आवाज आला, "काय झालं हो? कोण आहे?" त्याची नवी बायको असावी. ओंकारने फोन कापला.

विमान गेलं. दुसऱ्या दिवशी आसाराम आला तो घुश्शातच. त्याने किल्ली टेबलावर आपटली. "त्या माउलीचा काय गुन्हा हुता? विमानतळाच्या दारात बॅगांवर बसून रडत हुती. आनि शिव्या खाल्ल्या मी. तुमच्या भांडनात मला घालायचं न्हाई ताई, सांगून ठिवतो."

"चुकलं तुझ्यापुरतं," राजेश्वरी म्हणाली. "आनि तिच्यापुरतंबी."

"आन् त्याच्यापुरतं?"

तिने समोरच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगितले, आणि किती दिवसांनी तरी चहासोबत खारीही मागवली. भूक लागली होती तिला.