कोरी मडगार्डं

भंगारवाल्याने सायकल उलटी केली. "काकू, मडगार्डं तर आतून कोरीच आहेत की!"

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या यांनी ती सातपूरच्या खोलीपुढे बसवली होती. यांच्या कंपनीला टाळं लागून वर्ष झालं होतं. पत्रा चाकाला घासू नये म्हणून तो हाताने वाकवत हे म्हणाले, "पावसाळ्यात कंपनी उघडली, की ड्युटीला जाताना पँटवर चिखल नको." आतली मशिनंही विकली गेल्याचं मला सकाळीच शेजारणीकडून कळलं होतं. मी पाना पुढे केला आणि म्हटलं, "नट अजून आवळा." त्यांनी मान खालीच ठेवून नट आवळले, पुन्हा पुन्हा आवळले. तेव्हा वाटलं, यांना काहीच माहीत नाही. आता तसं वाटत नाही.

भंगारवाला मघापासून पान्याशी झटतोय. नट सुटत नाहीत.