मागच्या खुर्चीतला हात

दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की सत्यशीलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी कागद घेऊन बसत. समोर बालाघाटाची निळसर रांग आणि अलीकडे गावची जुनी बारव. पायऱ्या उतरत उतरत खाली हिरव्या पाण्यात बुडालेल्या, आणि त्या पाण्यात आभाळाचा एक चौकोनी तुकडा. वारा आला की तो तुकडा सुरकुतायचा, पुन्हा सरळ व्हायचा. बाई बघत राहायच्या. लेखाचं पहिलं वाक्य तिथूनच कुठूनतरी वर यायचं.

बीडहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात त्यांचं सदर होतं. नगरपंचायतीच्या प्रत्येक सभेला त्या जात, लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसत, आणि कोणत्या ठरावाला कोणी हात वर केला ते नावानिशी लिहीत. सभेच्या इतिवृत्तात ‘ठराव मंजूर’ एवढंच असायचं. कोणी मंजूर केला आणि मतं मागताना तोच माणूस काय बोलला होता, ते बाईंच्या लेखात.

“आज कोणाचा हात पिरगाळला?” त्यांचे यजमान बद्रीनाथराव पेपर उघडता उघडता विचारत.

“ज्यानं वर केला त्याचा.”

त्या महिन्यात बारव बुजवून तिथं दुकानांचे गाळे बांधायचा ठराव आला, आणि एका मतानं मंजूर झाला. बाईंनी जीव ओतून लिहिलं. सगळ्यात जास्त लिहिलं ते बारवेजवळच्या गल्लीतून निवडून आलेल्या जिनतबद्दल. ‘ज्या पायरीवर बसून यांनी बायकांकडं मतं मागितली, तीच पायरी बुजवायला हात वर केला,’ असं.

पेपर आला त्याच दुपारी जिनत मागच्या दारानं आली. ओढणीत पेपर गुंडाळलेला.

“काकू, मी हात वर केलताच न्हाई.”

“अगं, माझ्या डोळ्यांनी बघितलं मी.”

“काय बघितलं? हात गोरा व्हता का काळा? बांगड्या व्हत्या का?”

बाईंनी डोळे मिटले. सभागृह पाण्याखालून दिसावं तसं हलत हलत समोर आलं. गरगरणारे पंखे, खुर्च्यांची रांग, आणि जिनतच्या खांद्यामागून वर आलेला एक हात. नखांत ऑइल बसलेलं. गुफरानचा हात, तिच्या नवऱ्याचा. स्टँडजवळ त्याचं गॅरेज होतं.

बाई निवडून आली की तिच्या खुर्चीमागं नवऱ्याची खुर्ची, हा त्या सभागृहाचा रिवाजच होता. हात नवरा वर करी, मत बायकोचं धरलं जाई. आणखी दोघींचे नवरे, आप्पाराव आणि सोमनाथ, त्यांचंही तेच. नगराध्यक्षांना त्यात वावगं वाटत नव्हतं, कारकुनाला वाटत नव्हतं. आणि एवढ्या बारीक नजरेच्या सत्यशीलाबाई? त्याही इतकी वर्षं तेच हात बघून बायकांची नावं लिहीत आल्या होत्या.

“दुरुस्ती छापते,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“मंग लोक इचारतील, कुणी केलता म्हणून. काकू, आमच्या ह्यांच्या मनात वाईट न्हाई. पत्र्याखाली उन्हात काम करतात. गाळा भेटंल म्हणून केलं.”

“ते राहू दे. तुझ्या मनात काय होतं?”

जिनतनं खिडकीतून बारवेकडं बघितलं.

“मला कुणी इचारलंच न्हाई कधी,” ती म्हणाली. “मला बारव पायजे.”

“मग लिहू?”

“लिवा. पण आदी तुमची चूक लिवा. मंग आमच्या घरची.”

बाईंनी तसंच लिहिलं. ‘मी पुरुषांचे हात मोजले आणि बायकांना जाब विचारला.’ बद्रीनाथरावांनी दोनदा वाचलं. नेहमीची थट्टा त्यांना सुचली नाही.

“सगळं जुनं लिहिलेलं खोटं पडलं की तुझं.”

“पडू दे.”

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायचा विषय निघाला आणि जिनत उभी राहिली.

“मागल्या बारीला माझं मत मोजलंच न्हाई. आज मोजा.”

“तुझं मत झालंय बाई, बस खाली,” आप्पाराव मागून ओरडले.

“ते आमच्या ह्यांचं व्हतं. ह्यांना कुठं निवडून दिलंय लोकांनी?”

कोणीतरी फिसकन हसलं. नगराध्यक्षांनी बाकावरच्या सत्यशीलाबाईंकडं पाहिलं, घाम पुसला, आणि पुन्हा मत घेतो म्हणाले. गुफराननं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

‘बाजूनं’ म्हटल्यावर जिनत हलली नाही. ‘विरोधात’ म्हटलं आणि तिचा हात वर निघाला. फार हळू, झोपेतून उठल्यासारखा. बांगड्या किणकिणत कोपराकडं घसरल्या. सभागृहात तेवढाच आवाज.

ठराव एका मतानं पडला.

बाहेर गुफराननं गाडी सुरू केली, जिनत मागं बसली. तो बाईंकडं न बघताच म्हणाला, “काकू, आता माझ्या गाळ्याचं काय, ते बी लिवा.”

“लिहिते ना. स्टँडजवळच्या मोकळ्या जागेचा ठराव कोणी का आणत नाही, हेच विचारते पुढच्या लेखात. आणि आणला तर कोणकोण हात वर करतं तेही बघते.”

“आन ही काय करंल?” त्यानं मानेनंच मागं दाखवलं.

“मला कशाला विचारतोस? तिला विचार.”

गुफराननं गाडी एक एक खड्डा चुकवत, अगदी सावकाश नेली, आणि वळणापर्यंत त्याचं डोकं जरासं मागं झुकलेलं दिसत होतं, काहीतरी ऐकत असल्यासारखं.