टँकर येत आहे

ॲपवर दिसणारं उत्तर दूरच्या सर्व्हरकडूनच येतं, असा सगळ्यांचा समज असतो. पण ब्राउझरमधल्या स्क्रिप्टला ते घरच्या घरीही बनवता येतं. रिस्पॉन्स नावाचं ऑब्जेक्ट तयार करायचं, त्यात मजकूर भरायचा, सोबत एक आकडा द्यायचा. आकडा दिला नाही तर ब्राउझर दोनशे धरतो. दोनशे म्हणजे सगळं आलबेल. इतका आशावादी प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या ऑफिसकडे पाण्याचे टँकर नोंदवायच्या ॲपचं काम होतं. रेंज नसली तर मी पाचशे तीन, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही', हा आकडा देऊन "नोंद झाली नाही" असं लिहिलं होतं. टँकरमालक गंगापूरकडचे. ते वाचून त्यांचं तोंडच उतरलं.

"मॅडम, गिऱ्हाईकाला नाय म्हणायचं नाय. आपल्याकडं असं कुणी बोलतं व्हय?"

खरंच कुणी बोलत नाही. आमंत्रण असो की शेजाऱ्याची शिडी, "हो हो, बघू की" म्हणतात आणि ऐकणारा आवाजावरून काय ते ओळखतो. स्क्रीनला आवाज नसतो, म्हणून मी भांडले. आमचे साहेब मालकांच्या बाजूनं. शेवटी मी चिडून आकडा खोडला आणि लिहिलं, "नोंद झाली. टँकर येत आहे."

पुढच्याच महिन्यात माझी हळद होती, दौलताबादला, शेतातल्या घरी. तिथं रेंज मनात आलं तर येते. वडिलांनी सकाळीच कौतुकानं माझ्या ॲपवर टँकर नोंदवला. दुपारी मी हळदीनं माखून पाटावर बसलेली, आणि टाकीत खडखडाट. शेजारच्या शेतकऱ्यानं त्याच्याकडे आलेला टँकर आधी आमच्याकडे वळवला, तर वडिलांनी तो फाटकातूनच परत पाठवला. "आमचा येतोय. पोरीनं केलेलं ॲप हाय."

मी पिवळ्या बोटांनी त्यांचा फोन पाहिला. रेंज नव्हती, आणि स्क्रीनवर माझंच वाक्य होतं.

"अण्णा, टँकरवाल्याला काहीच कळलेलं नाही."

"मंग येतो म्हणून कोण म्हणलं?"

"फोनच म्हणाला."

"त्याला कुणी शिकिवलं?"

"मी."

मला लाजेनं रडू आलं. तेवढ्यात मांडवातून कुणीतरी पाण्याचं विचारलं.

"गाडी पंक्चर झालीय वाटंत," वडील मोठ्यानं म्हणाले, आणि दोन घागरी उचलून शेजाऱ्याच्या शेताकडे निघाले.